इंजिनाला आंघोळ कशाला?

आधी निकाल सांगतो, मग कारणं देतो. बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरच्या पाण्याचा फवारा मारणं ही स्वच्छता नाही, नासधूस आहे. अशी धुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी मिसिंग करायला लागली, की पाणी सुकायच्या आधीच कॉइल, इंजेक्टर आणि सेन्सर बदलायला सांगणं ही लूट आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच खोड आहे: जे चकाकतं ते तयार आहे असं मानायची. ही खोड देशात कुणी सर्वांत जास्त जपली असेल तर ती आपण वर्दीवाल्यांनी. म्हणून हा लेख आधी आपल्यासाठी आहे.

सध्या पोस्टिंग कलकत्त्याला आहे आणि राहणं न्यू टाउनमध्ये. राजारहाटची शेतं आणि पाणथळ जमीन भरून उभं केलेलं हे शहर. रस्ते रुंद, इमारती उंच, आणि हवा अशी की सकाळी वाळत घातलेली वर्दी संध्याकाळीही दमटच लागते. इथे विश्वकर्मा पूजा पाहिली. आपण खंडेनवमीला शस्त्रं, अवजारं आणि वाहनं पूजतो, तसा बंगालचा हा दिवस. तो सूर्याच्या संक्रांतीवर ठरतो, त्यामुळे दसऱ्यासारखा पुढेमागे सरकत नाही. दरवर्षी साधारण १७ सप्टेंबरलाच येतो. गॅरेज, कारखाने, रिक्षा स्टँड, टोटोचा स्टँड, सगळीकडे मंडप लागतो. टोटो म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा. आकाशात पतंग असतात. हातांनी काम करणाऱ्या माणसाचा इतका मोठा मान क्वचितच कुठे दिसतो. सणाशी माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते आदल्या दिवशीच्या आंघोळीशी.

आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर रांग लागते. बॉनेट उघडतात, दहा मिनिटांपूर्वी रस्त्यावरून आलेल्या तापलेल्या इंजिनावर फोम मारतात, मग पंपाची नळी एक वीत अंतरावर धरून धुऊन काढतात. वर डिझेलचा हात फिरवतात, म्हणजे रबर आणि प्लॅस्टिक काळंकुळकुळीत दिसावं. गाडीला हार पडतो, नारळ फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच गाडी पुलाच्या चढावर झटके मारते, पिकअप घेत नाही, सिग्नलला रेस वरखाली होते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पुण्या-साताऱ्याकडे खंडेनवमीनंतर हेच पाहिलं आहे. देव वेगळा, मंत्र वेगळा, तक्रार तीच.

आता कारणं. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक खोल विहीर असते, तिच्या तळाशी स्पार्क प्लग. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि तिचा रबरी बूट त्या विहिरीत उतरतो. कॉइल वीस-तीस हजार व्होल्टचा झटका देते, तो प्लगच्या टोकाशी असलेल्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून उडी मारतो आणि पेट्रोल पेटतं. विहिरीत पाणी साचलं की विजेला सोपी वाट मिळते. फटीतून उडी मारण्याऐवजी ती बुटाच्या ओल्या कडेवरून थेट इंजिनाच्या लोखंडात उतरते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल पेटत नाही. यालाच आपण मिसिंग म्हणतो.

उभी गाडी ठीक चालते आणि चढावर झटके देते, याचंही कारण हेच. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. मग वीज पटकन ओली वाट धरते. म्हणून गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी उभी राहते आणि मा फ्लायओव्हर चढताना इंगा दाखवते.

दुसरी गोष्ट कनेक्टरची. "कंपनीने वॉटरप्रूफ बनवलंय" हे वाक्य प्रत्येक धुणाऱ्याच्या तोंडी असतं. वॉटरप्रूफ कशापासून? आयपी-६७ असा दर्जा असलेली वस्तू एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढाच त्याचा अर्थ. जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्याची कसोटी वेगळी असते, आयपी-६९के नावाची. तिच्यात ८० ते १०० बारच्या दाबाने गरम पाणी मारून बघतात. बॉनेटखालचा प्रत्येक जोड ती कसोटी पास झालेला नसतो. जो झालेला असतो तो नवीन असताना झालेला असतो. आठ-दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं सील कडक होतं, क्लिप ठिसूळ होते. तिथे नव्या कोऱ्या वस्तूचा दाखला चालत नाही.

त्यात इंजिन तापलेलं. गरम पेला उपडा करून पाण्यात ठेवा; गार होता होता तो पाणी आत ओढून घेतो. गरम कनेक्टरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या कडेने पाणी आत खेचते. एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही. कोरड्या हवेत ते कधीतरी उडून जाईल. सप्टेंबरच्या कलकत्त्यात ते तिथेच मुक्काम करतं. पिनांवर हिरवट थर चढतो आणि महिन्याभराने गाडी विनाकारण बंद पडायला लागते. तोपर्यंत धुतल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

इथे आपले जुने उस्ताद दोन मुद्दे हमखास काढतात. पहिला: "गाडी पावसात चालतेच की!" चालते. पाऊस बॉनेटवर पडतो, बॉनेटच्या आत नाही. चाकांनी उडवलेलं पाणी खालून येतं आणि ते अडवायला झाकणं, पत्रे दिलेले असतात. वरून, आडवं, वीतभर अंतरावरून आणि शंभर बारच्या जोराने पाऊस पडत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: "आम्ही शक्तिमान नाल्यातून काढलाय, रोज वॉशिंग रॅम्पवर धुतलाय, काही झालं नाही." खरं आहे. जर्मनीच्या एमएएनच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला शक्तिमान डिझेल होता. त्याला स्पार्क प्लग नव्हते, इंधनाचा पंप यांत्रिक होता, कॉम्प्युटर नव्हता. वायरिंग म्हणजे सेल्फ, चार्जिंग, दिवे आणि हॉर्न. त्याला धुतला काय, नाल्यात घातला काय, बिघडण्यासारखं वरच्या बाजूला फारसं नव्हतंच. तरीही पाण्यातून काढल्यावर आपण काय करायचो ते आठवा: ब्रेक सुकवायचे, एक्सलचं आणि गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालंय का बघायचं, सगळीकडे ग्रीस मारायचं. म्हणजे पाणी शत्रू आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. शक्तिमान गेला. कॅन्टीनमधून घेतलेली आपली पेट्रोल गाडी त्याची वारस नाही. तिच्या बॉनेटखाली डझनभर सेन्सर आहेत. सवय शक्तिमानची आणि गाडी आजची, हा सगळा घोटाळा तिथे आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. इन्स्पेक्शन जवळ आलं की एमटीमध्ये काय चालतं हे तुम्हाला सांगायला नको. जे हलतं त्याला सॅल्यूट आणि जे हलत नाही त्याला चुना, हा विनोद आपणच आपल्यावर करतो. गाड्या एका रांगेत, टायर काळे, नट लाल-पांढरे, बॉनेटखाली डिझेलची चमक. तपासणाऱ्याने पांढरा रुमाल फिरवावा आणि तो पांढराच राहावा. या रुमालाने गाडीबद्दल काय कळतं? बॅटरी किती जुनी आहे, बेल्टला चिरा गेल्यात का, होज फुगलाय का, यातलं काहीही कळत नाही. उलट डिझेलचा हात फिरला असेल तर दोषच झाकला जातो. कुठून तेल झिरपतंय हे सगळीकडे तेलकट चमक असताना कोण ओळखणार? शिवाय डिझेल रबराला फुगवतं, बेल्टवर गेलं तर बेल्ट घसरतो आणि वर धूळ चिकटते. गेल्या आठवड्यापेक्षा चमक वाढली आणि भरवसा कमी झाला.

गाड्या दुरुस्त करणारी आपली कोर, ईएमई, १९४३ मध्ये उभी राहिली. तिचं ब्रीद 'कर्म ही धर्म' आहे, 'चमक ही धर्म' नाही. गाडी उभी राहिली की तिच्यावर विसंबलेला माणूस उभा राहतो: आजारी जवान, पुढच्या चौकीचा शिधा, रात्रीची गस्त. कागदावर फिट आणि रस्त्यावर ऑफ रोड, अशी एकच गाडी पुरे होते. ज्याने बॉनेटखाली हात घालून क्लिप तपासली त्याला शाबासकी आणि ज्याने पाणी मारलं त्याला खुलासा, अशी पद्धत एका युनिटने एक वर्ष पाळून बघावी. वॉशिंग रॅम्पचं पाणीही वाचेल.

आणि ही सवय पेन्शनबरोबर घरी येते. माजी सैनिकाची गाडी गल्लीत सर्वांत स्वच्छ असते. त्याचा अभिमान असावा. पण तिथेच त्याला दुसरा दणका बसतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत. पूजेच्या आदल्या दिवशी गाडी आतून-बाहेरून धुऊन घेतली. तिसऱ्या दिवशी झटके. गॅरेजने स्कॅनर लावला आणि कागद दिला: चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर सफाई, "नाहीतर कॉम्प्युटर बघावा लागेल." रक्कम त्यांच्या महिन्याच्या घरखर्चाएवढी. मी एवढंच म्हटलं, "साहेब, गाडी कधी धुतली होती?" गॅरेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. दोन विहिरींत पाणी होतं. हवा मारून बाहेर काढलं, बूट पुसून सुकवले, कोड पुसले. गाडी चालायला लागली. नवीन एकही वस्तू लागली नाही.

यात धुणाऱ्या पोराला दोष देऊ नका. त्याला गिऱ्हाईक म्हणतं तसं तो करतो आणि गाड्या मोजून पैसे मिळवतो. स्कॅनरलाही दोष नको. पी-०३०१ कोडचा अर्थ "पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाला" एवढाच आहे. "पहिली कॉइल मेली" असा नाही. खोकला येतोय एवढं यंत्राने सांगितलं. क्षय आहे की ठसका, हे वैद्याने शोधायचं असतं. कोड वाचून थेट वस्तूंची यादी लिहिणारा मेकॅनिक नसतो, विक्रेता असतो. अशा दुकानदारीमुळे विश्वकर्म्याच्या खऱ्या लेकरांची, म्हणजे कान लावून दोष पकडणाऱ्या मिस्त्रींची, किंमत जाते.

म्हणून, धुतल्यानंतर गाडी बिघडली तर क्रम असा ठेवा. हा क्रम पाठ करा आणि गॅरेजवाल्यालाही ऐकवा.

सेल्फ मारताना इंजिन खट्‌कन अडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढणं हाच मार्ग, आणि ते जाणत्या हाताचं काम.

गाडी चालतेय पण चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, तर बाजूला घ्या आणि बंद करा. स्थिर दिवा म्हणजे लवकर दाखवा. लुकलुकणारा म्हणजे आत्ता थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे. अशा गाडीत तो भाग महाग असतो. "चालवून चालवून सुकेल" हा सल्ला इथे सर्वांत महाग पडतो.

मग नुसत्या डोळ्यांनी बघा. फवाऱ्याने एखादी बारीक रबरी नळी निसटली आहे का? निसटली असेल तर तिथून जादा हवा आत जाते आणि रेस वरखाली होते. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागल्यात का? फिल्टर ओला आहे का? ओला असेल तर इंजिनाला श्वासच मिळत नाही. तेलाची कांडी ओढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी सुरू न करता मेकॅनिककडे न्या. बेल्ट किंचाळतोय का? ओला किंवा डिझेल लागलेला असेल.

नंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून सुकवायला घ्या. बॉनेट उघडं ठेवून ऊन द्या. ऊन नसेल तर टेबल फॅन लावा. न्यू टाउनच्या हवेत नुसतं उघडं ठेवून भागत नाही, वारा लागतो. कॉइल काढल्यावर प्लगला हात लावायच्या आधी विहिरीत हवा मारा. आधी प्लग खोलला तर साचलेलं पाणी आणि कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. कनेक्टर एकेक सोडवा, आत बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. निम्म्या तक्रारी त्या 'टक' वर मिटतात.

हे सगळं करून दोष राहिला तरच वस्तूंवर संशय घ्या, आणि तोही पुराव्याने. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोडही तिसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी. कोड पहिल्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. प्लग, इंजेक्टर, वायर बघा. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही. बुटाच्या रबरावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर वीज तिथून वाहून कार्बनची वाट पडलेली आहे. ती सुकवून जात नाही, तो बूट बदलावाच लागतो. तेव्हा खर्च करा, बिनतक्रार करा.

डिझेलवाल्यांना प्लगची भीती नाही, पण आजचं डिझेल शक्तिमानचं डिझेल नव्हे. हवा मोजणारा सेन्सर, रेल प्रेशरचा सेन्सर, इंजेक्टरचे जोड यांत पाणी गेलं की कॉम्प्युटर ताकद कापतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालते. औषध तेच: आधी सुकवा. दुचाकीलाही तेच. प्लगची टोपी काढा, पुसा, एअर फिल्टर बघा.

मग इंजिन साफ करायचंच नाही का? करायचं. वायपरखालच्या जाळीत पानं अडकली की पावसाचं पाणी तुंबतं. ती हाताने काढा. उंदराने घरटं केलं असेल तर काढा, आणि वायर कुरतडलीय का ते बघा. तेल झिरपत असेल तर आधी गळती दुरुस्त करा, मग पुसा. तेलात भिजलेली धूळ आगीला आमंत्रण आहे. पण इंजिन गार असू द्या. हत्यारं तीन: रंगाचा जुना ब्रश, हवा आणि ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात गाडीचा प्रत्येक पाइप, प्रत्येक क्लिप तुमच्या हाताखालून जाते. फवारा मारणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण फवाऱ्याला डोळे नसतात.

पूजा जरूर करा. विश्वकर्म्याची करा, खंडेनवमीची करा. बॉनेटला हळद-कुंकू लावा, झेंडूचा हार घाला, लिंबू ठेवा. बाहेरून गाडी घासून घासून धुवा. पण बॉनेटखाली पाणी मारायला कुणी आलं, मग तो वॉशिंगवाला असो नाहीतर तुमचाच जुना उस्ताद, तर त्याच्या हातातली नळी काढून घ्या आणि फडकं द्या.